गुगलवर दिसतं, पण कोणी उघडत नाही: हापूसच्या वेबसाइटसाठी मी टायटल कशी लिहिते

रत्नागिरीत फेब्रुवारी लागला की मला दोन प्रकारचे फोन सुरू होतात. पहिले पेटीचा दर विचारणारे, कारण पावसजवळ सासऱ्यांची कलमं आहेत आणि वेबसाइटवर नंबर माझा आहे. दुसरे ओळखीच्या बागायतदारांचे. "वहिनी, गुगलवर आपली बाग दिसते ना? मग गिऱ्हाईक आत का येत नाही?" आमच्या बागेची वेबसाइट मी उभी केली, मग शेजारच्या दोघातिघांची, मग गुहागरकडच्या एका घरगुती निवासाची, आणि आता हेच माझं काम झालंय. वर्षभर फवारणी, राखण, तोडणी करणाऱ्या माणसाचं फळ चांगलं असतं, आणि तरी गुगलमधल्या दोन ओळी धड लिहिलेल्या नाहीत म्हणून लोक पुढच्या नावावर जातात. हे मला बघवत नाही. म्हणून आज त्या दोन ओळींबद्दल: निकालातली मोठ्या अक्षरांतली ओळ, म्हणजे टायटल, आणि तिच्याखालचा मजकूर.

सुरुवात सर्च कन्सोलपासून. गुगलचं हे साधन फुकट आहे आणि कुठल्याही विकतच्या साधनाआधी ते वापरावं, असं माझं ठाम मत आहे. त्यात चार आकडे असतात: आपलं पान किती वेळा दिसलं, किती वेळा उघडलं गेलं, या दोन्हींचं टक्क्यांतलं प्रमाण म्हणजे सीटीआर, आणि सरासरी क्रमांक. हजार वेळा दिसलं आणि दहा वेळा उघडलं तर सीटीआर एक टक्का. पण हा एक टक्का चांगला की वाईट, ते नुसत्या आकड्यावरून कळत नाही. गुगल शोधाचा अभ्यास करणाऱ्या बॅकलिंको या वेबसाइटने ४० लाख निकाल तपासून पहिल्या क्रमांकाला सरासरी २७.६ टक्के क्लिक मिळतात असं मांडलं होतं, आणि खाली जाल तसं हे प्रमाण झपाट्याने उतरतं. म्हणजे नवव्या क्रमांकावरच्या पानाचा सीटीआर कमी असेल तर तिथे टायटलला दोष देण्यात अर्थ नाही. शिवाय 'दिसलं' याचा अर्थ माणसाने डोळ्यांनी पाहिलं असाही नाही. निकालांच्या पानावर आपली लिंक आली की ती मोजली जाते, माणूस तिथपर्यंत खाली सरकला नसला तरी.

बागेच्या नावाने शोधणारे वेगळे काढा, हे मी प्रत्येकाला सांगते. गेल्या वर्षी पेटी नेलेला माणूस बागेचं नाव टाकून शोधतो आणि थेट आपल्यावरच क्लिक करतो. त्याला टायटल कसंही चालतं. 'रत्नागिरी हापूस पेटी दर' असं शोधणारा आपल्याला ओळखत नाही, समोरच्या दहा नावांतून त्याला एक निवडायचं असतं. दोघांची सरासरी काढली की चित्र खोटं दिसतं. सर्च कन्सोलमध्ये बागेचं नाव वगळण्याचा फिल्टर लावला की उरतात ती अनोळखी माणसं, आणि काम त्यांच्यासाठी करायचं असतं.

आकडे आपण काहीही न करता हलतात, हेही लक्षात असू द्या. सप्टेंबर २०२५ मध्ये गुगलने एका पानावर शंभर निकाल मागवण्याची सोय बंद केली. क्रमांक तपासणारी यंत्रं ती सोय वापरायची आणि त्यांच्यामुळे खालच्या क्रमांकांवरची 'दिसणी' फुगलेली असायची. ती बंद झाल्यावर अनेक वेबसाइटींची दिसणी एकदम घसरली, आणि भाजक लहान झाल्यामुळे सीटीआर आपोआप वर गेलेला दिसला. त्या काळातली सीटीआरची वाढ दाखवून कोणी तुमच्याकडे कामाचे पैसे मागत असेल, तर क्लिक किती वाढले तेवढं विचारा.

आता खऱ्या खजिन्याकडे. सर्च कन्सोलमध्ये लोकांनी काय टाकून शोधलं त्याची यादी असते. ती यादी मी चहा घेऊन बसून अक्षर न् अक्षर वाचते, कारण गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडाने बोलतंय असं दुसरीकडे कुठेच ऐकायला मिळत नाही. बागायतदार लिहितो 'उत्कृष्ट प्रतीचे निर्यातक्षम हापूस आंबे'. असं कोणीही शोधत नाही. लोक शोधतात 'हापूस आंबा आजचा भाव', 'देवगड हापूस ५ डझन पेटी किंमत', 'ओरिजिनल हापूस कसा ओळखायचा', 'कार्बाइड न वापरलेला आंबा पुणे'. बरेच जण हेच मराठी शब्द रोमन अक्षरांत टंकतात. एकाच वाक्यात 'आंबा' देवनागरीत आणि 'रेट' रोमनमध्ये असंही येतं. काही शोध फोनवर बोलून केलेले असावेत असं वाटतं, कारण ते पूर्ण वाक्यात असतात: 'रत्नागिरीवरून पुण्याला आंबे कसे मागवायचे'. या यादीत 'भाव' आणि 'दर' हे शब्द वारंवार दिसायला लागल्यावर आमच्या मुख्य पानाच्या टायटलमध्ये दर आला.

आधी होतं: 'मुख्यपृष्ठ', त्यापुढे बागेचं नाव, त्यापुढे 'अस्सल व सर्वोत्तम हापूस आंबे ऑनलाइन खरेदी करा'. एका एजन्सीने लावून दिलेलं टायटल होतं आणि आमच्याकडच्या कित्येक बागांना तेच आहे, फक्त नाव बदललेलं. आता आहे: 'रत्नागिरी हापूस: आजचा पेटीचा दर, पुणे-मुंबई घरपोच'. बागेचं नाव शेवटी. २०२२ पासून गुगल मोबाइलवर टायटलच्या वर वेबसाइटचं नाव वेगळं दाखवतं, मग डेस्कटॉपवरही दाखवायला लागलं. त्यामुळे नावासाठी टायटलमधली पहिली जागा अडवायची गरज राहिलेली नाही. त्या नावाशेजारी छोटं गोल चित्र येतं. तिथे आंब्याचं किंवा बागेचं साधं चिन्ह असावं. पुष्कळांकडे तिथे नुसता राखाडी गोळा असतो, आणि त्यामुळे वेबसाइट बेवारशी वाटते. आपण चित्र चौकोनी आणि स्पष्ट द्या, गोलात ते गुगलच बसवतं, एवढंच पुरतं.

टायटल किती लांब असावं, याबद्दल मराठीत लिहिणाऱ्यांची फार दिशाभूल होते, म्हणून इथे जरा थांबते. इंग्रजी लेखांत '६० अक्षरांच्या आत' असं लिहिलेलं असतं आणि वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेसमधली साधनं त्या हिशेबाने लाल-हिरवा दिवा दाखवतात. गुगलने अक्षरांची अशी कुठलीही मर्यादा जाहीर केलेली नाही. टायटल जागेच्या रुंदीप्रमाणे कापलं जातं. आणि देवनागरीत मोजणी आणि रुंदी यांचा मेळच बसत नाही. 'विद्यार्थ्यांसाठी' हा शब्द घ्या. आपण वाचतो तेव्हा तो वि-द्या-र्थ्यां-सा-ठी असा पाच अक्षरांचा आहे. संगणक मात्र प्रत्येक व्यंजन, काना, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त वेगळा धरतो आणि त्याची मोजणी होते १७. मात्रा, रफार, अनुस्वार अक्षराच्या वर बसतात, रुंदीत जागा घेत नाहीत. म्हणजे साधन 'फार लांब' म्हणून लाल दिवा दाखवत असतं आणि गुगलमध्ये टायटल आरामात मावत असतं. मी कित्येकांना त्या दिव्यापायी चांगली मराठी टायटलं तोडताना, 'आंब्यांची घरपोच सेवा'चं 'आंबा सेवा' करताना पाहिलंय. दिवा सोडून द्या. घरातल्या सगळ्यात लहान स्क्रीनचा फोन घ्या, स्वतःचं पान शोधा आणि कुठे तुटतं ते डोळ्यांनी बघा. मी एकच नियम पाळते: गिऱ्हाइकाला हवा असलेला शब्द पहिल्या तीन-चार शब्दांत आलाच पाहिजे, म्हणजे शेपूट तुटलं तरी काम होतं.

मराठी वेबसाइटींची दुसरी खोड म्हणजे पान देवनागरीत आणि टायटल रोमनमध्ये, शेवटी 'इन मराठी' जोडून. रोमनमध्ये शोधणाऱ्यांना सापडावं हा हेतू मला कळतो. पण जून २०२२ मध्ये गुगलने जाहीर केलं की पानाची भाषा किंवा लिपी एक आणि टायटलची दुसरी असेल, तर ते पानाशी जुळणारं दुसरं टायटल शोधण्याचा प्रयत्न करतील. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत हिंदीतलंही होतं. मग गुगल पानावरचं मोठं शीर्षक उचलतं, आणि ते 'स्वागत आहे' असेल तर निकालात तेच झळकतं. गुगलने टायटल बदलणं ही काही क्वचित घडणारी गोष्ट नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये गुगलनेच सांगितलं होतं की सुमारे ८७ टक्के वेळा ते पानाचं मूळ टायटल वापरतात, म्हणजे उरलेल्या वेळी स्वतःचं लावतात. टायटल आणि पानावरचं मोठं शीर्षक यांत एकच गोष्ट सांगितलेली असली की बदल कमी होतात, हा माझा अनुभव. 'मुख्यपृष्ठ' आणि 'स्वागत आहे' हे दोन शब्द तर मी जिथे दिसतील तिथून काढून टाकते.

टायटलखालचा मजकूर म्हणजे डिस्क्रिप्शन. त्याने क्रमांक वाढत नाही, हे गुगल २००९ पासून सांगत आलंय. पण माणूस तो वाचतो, आणि फोन करायचा की नाही हे तिथेच ठरतं. आमच्या पानाचं डिस्क्रिप्शन असं आहे:

'पावसच्या बागेतला हापूस. झेल्याने उतरवून भाताच्या पेंढ्यात पिकवलेला, कार्बाइड नाही. २ आणि ५ डझनाच्या पेट्या. साका निघाला तर फळ बदलून मिळेल. दर रविवारी नवा दर.'

यातला प्रत्येक तुकडा यादीतल्या कुठल्या तरी शोधाला दिलेलं उत्तर आहे. कार्बाइडवर आपल्या देशात बंदी आहे, इथिलीन वायू ठरावीक प्रमाणात चालतो, आणि लोकांना या दोन्हींबद्दल भीती वाटते. तेव्हा आंबे पिकवायला अढी कशी घालता ते सांगा. साक्याचं वाक्य लिहायला सासरे आधी तयार नव्हते. आपणहून फळातला दोष कशाला बोलायचा, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, हापूस घेणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी आंबा कापल्यावर आत पांढरा साका बघितलाय. तो निघाला तर फळ बदलून देणारा कोण, हेच त्याला शोधायचंय. ते वाक्य राहिलं, आणि फोनवर लोक आता त्याचाच उल्लेख करतात.

लिहिलेलं डिस्क्रिप्शन गुगल दाखवेलच असं नाही. शोधाप्रमाणे ते पानातलं दुसरं वाक्यही उचलतं. म्हणून पानाच्या मजकुरातली वाक्यंही तुटक उचलली तरी अर्थपूर्ण राहतील अशी लिहावीत. 'वरीलप्रमाणे दर लागू राहतील' हे वाक्य एकटं निकालात आलं तर कोणाच्या काय कामाचं? 'हापूसच्या ५ डझनाच्या पेटीचा दर खालच्या तक्त्यात आहे' हे एकटं आलं तरी चालतं.

क्लिक वाढवण्याचे काही उपाय मला मान्यच नाहीत. 'हा दर ऐकून थक्क व्हाल', 'फक्त आजच', सगळ्यात स्वस्त नसताना 'सगळ्यात स्वस्त'. निकालातल्या दोन ओळी म्हणजे पेटीचा वरचा थर. वर मोठी देखणी फळं आणि खाली बारीक डागी माल भरणाऱ्याला वाशीच्या बाजारात दुसऱ्या वर्षी कोणी उभं करत नाही. आंब्याच्या धंद्यात तर हे जास्तच जपायला हवं, कारण कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून विकला जाण्याचं दुखणं जुनं आहे. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं. ज्या बागेची त्याखाली नोंदणी झालेली आहे तिने 'जीआय नोंदणीकृत बाग' हे शब्द डिस्क्रिप्शनमध्ये जरूर घालावेत. नोंदणी नसेल त्याने घालू नयेत, मी लिहून देणार नाही.

आणि प्रत्येक क्लिक हवाच असतो असंही नाही. देशाप्रमाणे आकडे बघितले तर अमेरिका आणि आखातातून आमचं पान बरंच दिसतं. तिकडच्या आपल्या माणसांना एप्रिलमध्ये हापूसची आठवण येणारच. पण अमेरिकेत भारतीय आंबा जातो तो २००७ पासून विकिरण करूनच, आणि ते काम निर्यातदारांचं, आमच्यासारख्या बागेतून कुरिअरने होणारं नाही. टायटलमध्ये 'पुणे-मुंबई घरपोच' आल्यापासून तिकडून येणारे निराश फोन कमी झाले. अमेरिकेचा सीटीआर पडला आणि मला तो पडलेलाच हवा होता.

घरगुती निवासाचं उदाहरण थोडक्यात सांगते. मालकांना 'लक्झुरियस बीच स्टे' हवं होतं. यादीत लोक शोधत होते 'गुहागर राहण्याची सोय', 'घरगुती जेवण', 'शाकाहारी जेवण मिळेल का'. टायटल झालं 'गुहागर: घरगुती राहण्याची आणि जेवणाची सोय, समुद्रापासून चालत'. बाकी तिथे नकाशाची चौकट सगळ्यात वर येते, त्यामुळे नकाशात दिसणाऱ्या गुगल बिझनेस प्रोफाइलवरचे फोटो आणि फोन नंबर नीट ठेवणं हे जवळजवळ जास्त महत्त्वाचं आहे.

ताऱ्यांबद्दल वारंवार विचारणा होते. निकालात पाच तारे दिसले की नजर जाते, हे खरं. पण आपल्याच व्यवसायाबद्दलचे अभिप्राय आपल्याच वेबसाइटवर लावून मिळणारे तारे गुगलने सप्टेंबर २०१९ मध्ये बंद केले. प्रश्नोत्तरांची उघडमीट करणारी यादी निकालाखाली यायची, तीही ऑगस्ट २०२३ पासून नावाजलेल्या सरकारी आणि आरोग्यविषयक वेबसाइटींपुरतीच ठेवली. या दोन्ही गोष्टी 'करून देतो' म्हणून बागायतदारांकडून पैसे घेणारे लोक अजून फिरतायत, त्यांना सरळ नाही म्हणा. विकत मिळणाऱ्या पेटीच्या पानावर किंमत आणि उपलब्धता सांगणारी संरचित माहिती, म्हणजे गुगलला वाचता येईल अशा ठरावीक साच्यातली, मात्र घालण्यासारखी आहे. दर बदलला की तिथेही बदला. पानावर एक दर आणि गुगलमध्ये दुसरा दिसला तर गिऱ्हाईक पहिल्या वाक्यातच भांडायला सुरुवात करतं, आणि ते बरोबर असतं.

दराच्या पानाला तारीख हवी. निकालात मागच्या वर्षीच्या मे महिन्याची तारीख दिसत असेल तर त्या पानावर कोण क्लिक करेल? आम्ही रविवारी संध्याकाळी दर टाकतो, आणि तारीख त्याच वेळी बदलते. दर न बदलता नुसती तारीख पुढे ढकलणारे आहेत. लोकांना दुसऱ्या खेपेला ते कळतं.

बदलाचा परिणाम मोजताना आंब्यासारख्या हंगामी मालात एक अडचण येते. मार्चमध्ये टायटल बदललं आणि एप्रिलमध्ये क्लिक वाढले, तर ते टायटलमुळे की अक्षय्य तृतीयेमुळे? म्हणून मी एप्रिलची तुलना मार्चशी करत नाही, गेल्या वर्षीच्या एप्रिलशी करते, आणि तीही त्याच शोधांची, साधारण त्याच क्रमांकावर. सर्च कन्सोल फक्त १६ महिन्यांची माहिती ठेवतं, तेव्हा हंगाम संपला की जूनमध्ये सगळी यादी एक्सेलमध्ये उतरवून ठेवायची. एका वेळी एकच पान बदलायचं, गुगलला ते पुन्हा बघायची विनंती पाठवायची आणि मग काही आठवडे हात लावायचा नाही. हात न लावणं सगळ्यात कठीण जातं, पण रोज बदललेल्या टायटलवरून कोणालाच काही शिकता येत नाही.

आता एआयच्या उत्तरांबद्दल, कारण गेल्या हंगामापासून सगळे घाबरलेत. भारतात गुगलची ही सारांशाची चौकट ऑगस्ट २०२४ पासून दिसायला लागली. प्यू या संशोधन संस्थेने अमेरिकेतल्या लोकांचा मार्च २०२५ मधला वापर तपासला तेव्हा असा सारांश आलेल्या शोधांत नेहमीच्या निकालावर क्लिक होण्याचं प्रमाण ८ टक्के होतं, आणि सारांश नसलेल्या शोधांत १५ टक्के. आमच्याकडे याचा परिणाम सगळ्या पानांवर सारखा नाही. 'हापूस कसा ओळखायचा' या लेखाचे क्लिक उतरले, कारण देठाजवळचा खळगा, पातळ साल, गंध ही माहिती वरच मिळून जाते. दराच्या पानाला तसा धक्का बसलेला नाही, कारण या रविवारी आमच्या पेटीचा दर काय, ते आमच्याशिवाय कोणाला माहीतच नाही. म्हणून माहितीचे सर्वसाधारण लेख लिहिणं मी कमी केलंय. त्याऐवजी या वर्षी मोहोर कधी आला, अवकाळी पावसाने किती फळ गळलं, पहिली तोडणी कधी होईल, असं आमच्या बागेपुरतं लिहिते. सासरे सांगतात, मी टंकते, आणि 'या वर्षी हापूस कधी येणार' असं शोधणारी माणसं ते पान उघडतात.

राहिलं वर्षभराचं वेळापत्रक. दरवर्षी नवं पान बनवू नका. तोच पत्ता ठेवा आणि टायटल हंगामाप्रमाणे बदला. आमच्याकडे मोहोर धरल्यापासून 'रत्नागिरी हापूस: आगाऊ नोंदणी सुरू' असतं, फळ उतरायला लागलं की 'आजचा पेटीचा दर', आणि पाऊस सुरू होऊन शेवटची पेटी गेली की 'हापूस हंगाम संपला, आंबापोळी, आमरस आणि कोकम मिळेल'. हंगाम संपल्याचं स्पष्ट लिहिल्यावर क्लिक पार आटतील असं मला सुचवलं गेलं होतं. जूनमध्ये आंबापोळीच्या ऑर्डरी त्याच पानावरून येतात.